एक्सेलमध्ये सेलवर माहितीची चौकट कशी दाखवायची, आणि ती शिळी कशी होऊ द्यायची नाही?

नाहूरला आमच्या सोसायटीचे खजिनदार म्हणजे माझे बाबा. तीन विंग, ८४ फ्लॅट आणि सगळा हिशेब एका एक्सेल फाइलमध्ये. महिन्याच्या वसुलीच्या शीटवर पहिल्या कॉलममध्ये नुसते फ्लॅट नंबर. मालकाचं नाव, मोबाइल, भाडेकरू आहे का, मागची थकबाकी किती, हे सगळं दुसऱ्या शीटवर. कोणी फोन करून "अहो, आमचं किती बाकी आहे?" विचारलं की बाबा या शीटवरून त्या शीटवर जाणार, तिथून परत येणार, तोवर आधी कुठल्या ओळीवर होतो ते विसरलेले असणार.

म्हणून त्यांनी स्वतःच एक उपाय शोधला. प्रत्येक फ्लॅट नंबरवर एक नोट लावली. माउस नेला की पिवळ्या चौकटीत नाव आणि मोबाइल दिसतो. ८४ नोट्स, हाताने टाइप करून. दोन रविवार त्यात गेले, पण काम झकास झालं होतं.

मग एका पावसाळ्यात रात्री साडेअकराला एका बंद फ्लॅटमधून खालच्या घरात पाणी यायला लागलं. बाबांनी लॅपटॉप उघडला, फ्लॅट नंबरवर माउस नेला आणि नंबर लावला. पलीकडचे गृहस्थ झोपेतून उठून म्हणाले, "मी तो फ्लॅट विकून दीड वर्ष झालं हो. आता डोंबिवलीला असतो." नव्या मालकाचा नंबर सभासदांच्या शीटवर अगदी बरोबर लिहिलेला होता, बाबांनीच लिहिलेला. नोटमध्ये मात्र जुनाच राहिला होता. शेवटी वॉचमनने गच्चीवर जाऊन अंदाजाने दोन-तीन व्हॉल्व्ह बंद केले. तोवर खालच्या आजींच्या बेडरूमचं छत भिजलं होतं.

बाबांना वाटलं, आपलंच चुकलं. मला तसं वाटत नाही. सेलवर येणारी चौकट दिसते अशी, की जणू ती आत्ता जाऊन माहिती शोधून आणतेय. प्रत्यक्षात ती काहीच शोधत नाही. कधीतरी कोणीतरी टाइप केलेला मजकूर तेवढा दाखवते. त्यामुळे 'सेलवर पॉप-अप कसा दाखवायचा' या प्रश्नाच्या आधी 'कुठली माहिती पॉप-अपमध्ये ठेवायची आणि कुठली नाही' हा प्रश्न येतो. या लेखात दोन्ही बघू.

(एक सूचना: खाली फंक्शन आणि मेन्यूंची नावं देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये फॉर्म्युला टाइप करताना फंक्शनचं नाव, कॉलमचं अक्षर आणि अंक इंग्रजीतच टाइप करायचे.)

सेलवर कोणकोणत्या चौकटी येतात?

सगळ्यात ओळखीची म्हणजे नोट. सेलवर राइट क्लिक करून 'न्यू नोट' निवडा किंवा शिफ्ट आणि एफ२ दाबा. सेलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात छोटा लाल त्रिकोण येतो आणि माउस नेला की चौकट उघडते. एक्सेल २०१९ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये यालाच 'कमेंट' म्हणतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये या प्रकाराचं नाव बदलून 'नोट' केलं आणि 'कमेंट' हे नाव दिलं एका वेगळ्या सोयीला: तिथे एकाने प्रश्न लिहायचा, दुसऱ्याने त्याखाली उत्तर द्यायचं. जुन्या व्हिडिओत 'इन्सर्ट कमेंट' करा असं सांगतात आणि तुमच्याकडे काहीतरी भलतंच उघडतं, त्याचं कारण हे. माहिती दाखवायला नोट घ्या. कमेंट ही चर्चेसाठी आहे.

दुसरी चौकट म्हणजे इनपुट मेसेज. सेल निवडा, मग 'डेटा' टॅब, 'डेटा व्हॅलिडेशन', त्यात 'इनपुट मेसेज' हा भाग. ही चौकट नुसता माउस नेऊन दिसत नाही, सेलवर क्लिक करावं लागतं. कोपऱ्यात त्रिकोणही येत नाही, त्यामुळे शीट स्वच्छ दिसते. मर्यादा अशी की शीर्षक ३२ कॅरेक्टरचं आणि मजकूर २५५ कॅरेक्टरचाच. आणि मराठीत हे २५५ फार लवकर संपतात. एक्सेल आपली अक्षरं मोजत नाही. व्यंजन, काना, मात्रा, हलन्त असं सगळं सुटं सुटं मोजतं. 'क्षेत्र' हा शब्द आपल्या हिशेबाने दोन अक्षरांचा, एक्सेलच्या हिशेबाने सात कॅरेक्टरचा. मजकूर आधी एखाद्या सेलमध्ये लिहून 'लेन' फंक्शनने मोजून घ्या, म्हणजे ऐन वेळी वाक्य कापायला लागत नाही.

तिसरी, हायपरलिंकची स्क्रीनटिप. कंट्रोल आणि के दाबून लिंक टाकताना 'स्क्रीनटिप' असं बटण असतं. त्यात लिहिलेलं माउस नेल्यावर दिसतं. पण चुकून क्लिक झालं की लिंक जिथे नेते तिथे तुम्ही पोचता, म्हणून माहिती दाखवायला मी ही वापरत नाही. 'हायपरलिंक' नावाचं फंक्शन आहे, पण त्यात स्क्रीनटिप द्यायला जागाच नाही.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. यातल्या कशातही फॉर्म्युला लिहिता येत नाही. नोटमध्ये बरोबरचं चिन्ह टाकून कितीही मोठा फॉर्म्युला लिहा, नोट तो जशाच्या तसा दाखवेल.

नोट शिळी होण्याचे दोन रस्ते

पहिला रस्ता आमच्या घरी झाला तोच. मूळ यादीत बदल झाला, नोटमध्ये करायचा राहिला. माहिती दोन ठिकाणी लिहिली की कधी ना कधी हे होणारच.

दुसरा रस्ता जास्त फसवा आहे. नोट चिकटलेली असते सेलला, त्यातल्या मजकुराला नाही. तुम्ही यादी सॉर्ट केलीत तर नोटा ओळींबरोबर हलतात. साध्या कॉपी-पेस्टमध्येही नोट बरोबर येते. पण 'पेस्ट व्हॅल्यूज' केलंत तर फक्त मजकूर येतो आणि त्या सेलवर आधीपासून असलेली नोट जागची हलत नाही. समजा जुन्या यादीत सातव्या ओळीवर ए-२०३ होता. तुम्ही नवी यादी पेस्ट व्हॅल्यूजने टाकलीत आणि तिच्यात एक ओळ जास्त आहे. आता सातव्या ओळीवर ए-२०२ आलाय आणि त्याच्यावर नोट आहे ए-२०३ च्या मालकाची. लाल त्रिकोण तसाच, चौकट तशीच, एरर कुठेही नाही.

त्या रात्रीनंतर मी बाबांची फाइल तपासायला बसले तेव्हा दोन्ही प्रकार सापडले. तपासायची पद्धत कंटाळवाणी पण सोपी आहे: 'रिव्ह्यू' टॅबमध्ये 'नोट्स', त्यात 'शो ऑल नोट्स'. सगळ्या चौकटी एकदम उघडतात आणि बाजूला सभासदांची यादी ठेवून एकेक पडताळता येते.

जे वर्षानुवर्षं बदलत नाही ते इनपुट मेसेजमध्ये

म्हणजे चौकटी वापरायच्याच नाहीत का? तसं नाही. नियम, व्याख्या, 'या कॉलममध्ये काय भरायचं' अशा सूचना, हे चौकटीत ठेवायला उत्तम. खजिनदार बदलला की नव्या माणसाला 'हा आकडा आला कुठून' हेच कळत नाही. आमच्या वसुली शीटच्या शीर्षकांवर आता हे इनपुट मेसेज आहेत:

'ना-भोगवटा शुल्क' या शीर्षकावर: फ्लॅट भाड्याने दिला असेल तरच. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. जवळच्या कुटुंबीयांना राहायला दिला असेल तर लागत नाही.

'थकबाकीवर व्याज' वर: सरळव्याज, चक्रवाढ नाही. दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के.

'सिंकिंग फंड' वर: बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के. जमिनीची किंमत धरायची नाही.

हे आकडे महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमधले आणि सरकारी आदेशातले आहेत. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत काढून एकदा जुळवून मगच टाका. अशी माहिती बदलते, पण दर महिन्याला नाही. बदलली तरी तीन-चार सेलमध्येच दुरुस्ती करायची असते, ८४ मध्ये नाही.

जे बदलतं ते वरच्या पट्टीत, लुकअपने

नाव, मोबाइल, थकबाकी यांच्यासाठी माझा सल्ला असा की चौकटीचा हट्ट सोडा. शीटच्या वर एक पट्टी गोठवून ठेवा आणि ज्या ओळीवर क्लिक कराल त्या फ्लॅटची माहिती त्या पट्टीत येऊ द्या. चौकट सेलच्या शेजारी दिसते, पट्टी चार इंच वर दिसते, एवढाच फरक. पण पट्टीत फॉर्म्युला असतो, त्यामुळे माहिती एकाच ठिकाणी लिहिलेली राहते.

मांडणी अशी. 'सभासद' शीटवर ए कॉलममध्ये फ्लॅट नंबर, बीमध्ये नाव, सीमध्ये मोबाइल, डीमध्ये राहतं कोण (मालक की भाडेकरू), ईमध्ये थकबाकी. 'वसुली' शीटवर पहिल्या तीन ओळी मोकळ्या, चौथीत शीर्षकं, पाचवीपासून अठ्ठ्याऐंशीवीपर्यंत फ्लॅट. वसुली शीटच्या सी१ मध्ये हे लिहा:

=इंडेक्स(ए:ए, सेल("रो"))

'सेल' फंक्शनला कुठल्या सेलबद्दल विचारतोय हे आपण मुद्दाम सांगितलेलं नाही. तसं सांगितलं नाही, की फॉर्म्युल्याची आकडेमोड होते त्या क्षणी जो सेल निवडलेला असेल त्याची ओळ तो देतो. म्हणजे सी१ मध्ये तुम्ही क्लिक केलेल्या ओळीचा फ्लॅट नंबर येणार. मग डी१ मध्ये:

=एक्सलुकअप(सी१, सभासद!ए:ए, सभासद!बी:बी, "नोंद नाही")

ई१ मध्ये हाच फॉर्म्युला, फक्त बी:बी च्या जागी सी:सी, म्हणजे मोबाइल. एफ१ आणि जी१ मध्ये डी आणि ई कॉलम. आता ए५ वर क्लिक करून 'व्ह्यू' टॅबमधून 'फ्रीझ पेन्स' करा, म्हणजे कितीही खाली गेलात तरी पट्टी डोळ्यांसमोर राहील.

वापरायचं असं: फ्लॅटवर क्लिक करायचं आणि एफ९ दाबायचं. एफ९ म्हणजे 'पुन्हा आकडेमोड कर'. काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन बटणही बरोबर दाबावं लागतं. बाबांना दोन दिवसांत सवय झाली.

एक्सलुकअप हे मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२१ पासून पुढे मिळतं. तुमच्याकडे २०१६ किंवा २०१९ असेल तर इंडेक्स आणि मॅच जोडून तेच काम होतं:

=इंडेक्स(सभासद!बी:बी, मॅच(सी१, सभासद!ए:ए, ०))

शेवटचं शून्य विसरायचं नाही. त्याचा अर्थ 'तंतोतंत जुळलं तरच'. व्हीलुकअप वापरणाऱ्यांसाठीही हेच, तिथे चौथ्या जागी 'फॉल्स' लिहायचं. ती जागा रिकामी सोडलीत, तर एक्सेल धरून चालतं की यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे आणि जवळपासचं काही सापडलं तरी चालेल. मग ए-२०३ यादीत नसला तर तो 'सापडला नाही' म्हणत नाही, गुपचूप आधीच्या ओळीतल्या माणसाचं नाव देतो. मला विचाराल तर व्हीलुकअपमधली सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच, कारण उत्तर अगदी खरं वाटतं. एक्सलुकअप स्वतःहून तंतोतंत जुळणी करतं, त्यामुळे शक्य असेल तिथे तेच वापरा.

"नोंद नाही" का येतं?

फॉर्म्युला बरोबर, फ्लॅट यादीत दिसतोय, तरी "नोंद नाही". दहापैकी नऊ वेळा दोष फॉर्म्युल्याचा नसतो, शोधायच्या शब्दाचा असतो. डोळ्यांना सारखं दिसणारं संगणकाला सारखं असेलच असं नाही.

एका शीटवर १०१ हा आकडा आहे आणि दुसऱ्यावर तोच मजकूर म्हणून साठवलाय, तर ते जुळत नाहीत. आकडे आपोआप सेलच्या उजवीकडे सरकतात आणि मजकूर डावीकडे, यावरून पटकन ओळखता येतं. व्हॉट्सअॅपवरून चिकटवलेल्या नंबरांच्या शेवटी एखादी स्पेस लपलेली असते. 'ट्रिम' फंक्शन ती काढतं. विंग आणि फ्लॅट '२/३' असं लिहायची पद्धत असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, मग कितीही शोधा. अशा कॉलमचा फॉरमॅट आधी 'टेक्स्ट' करा आणि नंतर नंबर टाइप करा. उलट केलंत तर उपयोग नाही, तारीख होऊन गेलेली असते.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक भानगड आहे. एका शीटवर विंगचं नाव देवनागरी 'ए' आणि दुसऱ्यावर इंग्रजी अक्षर, तर जुळणार नाहीच, हे उघड आहे. पण दोन्हीकडे देवनागरी असूनही बिनसतं. 'ॲड.' हे पाहा. एका कीबोर्डवर 'ॲ' हे एकच कॅरेक्टर म्हणून उमटतं, दुसऱ्यावर 'अ' आणि वरचा चंद्र असं सुटं जोडून 'अ‍ॅ' होतं. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, लुकअपला कळतो. सोसायटीत एखादे वकील असले की हमखास हा घोळ होतो.

म्हणून नावावर कधी लुकअप करू नका, फ्लॅट नंबरवर करा. नावं बदलतात, दोघांची सारखी असतात, लिहिण्याच्या तऱ्हा अनेक. नंबर एकच. आपला पिनकोड याच कल्पनेवर चालतो. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेला हा कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिपींतले पत्ते यांतून वाट काढायला त्याचा उपयोग झाला. आमच्या नाहूरचंच बघा: कोणी पत्त्यात मुलुंड पश्चिम लिहितं, कोणी भांडुप पश्चिम. नावात वाद होऊ शकतो. ४०००८० आणि ४०००७८ हे दोन वेगळे कोड आहेत, तिथे वादाला जागा नाही.

एफ९ नको असेल तर

एका ओळीच्या मॅक्रोने काम होतं. ऑल्ट आणि एफ११ दाबून व्हीबीए उघडा, डावीकडे 'वसुली' शीटच्या नावावर डबल क्लिक करा, वरच्या दोन यादींमधून 'वर्कशीट' आणि 'सिलेक्शनचेंज' निवडा. सेलची निवड बदलली की त्यात लिहिलेलं आपोआप चालतं. त्यात एवढंच सांगायचं: 'ॲप्लिकेशन कटकॉपीमोड' फॉल्स असेल तरच 'ॲप्लिकेशन कॅल्क्युलेट' कर. ही अट गाळू नका. गाळलीत तर तुम्ही काही कॉपी करून दुसऱ्या सेलवर क्लिक केलंत की आकडेमोड होऊन कॉपी केलेल्या सेलभोवतीची हलती रेघ नाहीशी होते, आणि पेस्ट करायला काही उरत नाही.

फाइल 'मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' म्हणूनच सेव्ह करावी लागते. ती ईमेलने दुसऱ्याला पाठवली तर २०२२ पासून एक्सेल इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो स्वतःहून बंद ठेवतं. फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक'वर टिक करावी लागते. अर्थात, पाठवणारा माहितीचा असेल तरच. मोबाइलवर आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालतच नाहीत. तिथे पट्टीवरच भागवायचं.

नाही, मला सेलजवळच चौकट हवी आहे

बाबाही हेच म्हणाले. पट्टी ठीक आहे, पण माउस नेला की दिसायचं ते बरं होतं.

एक्सेलमध्ये 'माउस सेलवर आला' अशी घटना व्हीबीएला कळत नाही, 'सेल निवडला' हीच कळते. हायपरलिंक फंक्शनच्या आत स्वतःचं फंक्शन घालून माउस नेल्यावर ते चालवायची एक युक्ती फिरत असते. ती चालते, पण माउस जरा हलला की पुन्हा पुन्हा चालते आणि मोठी शीट अडखळते. मी तिच्या वाटेला जाणार नाही.

सेल निवडला की मॅक्रोने तिथे एक रंगीत चौकोन आणून ठेवायचा आणि त्यात लुकअपचं उत्तर लिहायचं, हेही करता येतं. दिसायला छान. पण मॅक्रोने शीटवर बदल केला की एक्सेलची 'अनडू'ची यादी पुसली जाते. म्हणजे तुम्ही चुकीचा आकडा टाकलात, पुढच्या सेलवर गेलात, आणि कंट्रोल-झेड दाबलंत तर काही होत नाही. हिशेबाच्या शीटवर अनडू नसणं हे मला परवडणारं वाटत नाही.

आम्ही मधला मार्ग काढला. शीटवर 'नोटा ताज्या करा' असं एक बटण आहे. ते दाबलं की मॅक्रो पाचव्या ओळीपासून खाली जातो, प्रत्येक फ्लॅटची जुनी नोट पुसतो, सभासद शीटवर तो नंबर शोधतो आणि नाव, मोबाइल घालून नवी नोट लावतो. नंबर सापडला नाही तर नोटमध्ये "नोंद नाही" लिहितो, जुनी नोट तशीच ठेवत नाही. आणि प्रत्येक नोटच्या शेवटच्या ओळीत बटण दाबलं त्या दिवसाची तारीख घालतो. तारीख माझ्या मते सगळ्यात कामाची. चौकट शिळी असू शकते, पण ती किती शिळी आहे ते तिने स्वतः सांगितलं पाहिजे. अनडू फक्त बटण दाबल्यावरच जातं, तेव्हा आधी फाइल सेव्ह करायची.

गूगल शीट्सवर

तिथेही नोट आहे, शिफ्ट-एफ२ नेच लागते, कोपऱ्यातला त्रिकोण काळा असतो. डेटा व्हॅलिडेशनमध्ये 'हेल्प टेक्स्ट' लिहायची सोयही आहे. पण वरची 'सेल' फंक्शनची युक्ती चालत नाही, कारण तिथे सेलचा पत्ता द्यावाच लागतो. त्याऐवजी बी१ मध्ये सगळ्या फ्लॅटांचा ड्रॉपडाउन करा आणि शेजारी एक्सलुकअप लावा. ड्रॉपडाउनमधून फ्लॅट निवडला की माहिती आली. मोबाइलवर हे चालतं, आणि आमच्या सेक्रेटरी काकू सगळं मोबाइलवरच बघतात.

ॲप्स स्क्रिप्टमध्ये 'ऑनसिलेक्शनचेंज' आहे, निवडलेल्या सेलचा नंबर बी१ मध्ये आपोआप भरता येतो. पण शीट तिघांनी एकाच वेळी उघडली असेल तर तिघांचे क्लिक एकाच बी१ वर येऊन आदळतात. तुम्ही ए-१०१ बघताय आणि तेवढ्यात तिथे सी-७०४ येतो. एकट्यासाठी ठीक, समितीसाठी नाही. त्यापेक्षा रोज रात्री वेळ लावून चालणारी स्क्रिप्ट करा आणि तिच्याकडून सगळ्या नोटा भरून घ्या. एक्सेलमधलं बटण जे करतं तेच, फक्त दाबायला माणूस लागत नाही.

फाइल पाठवण्याआधी

थकबाकीदारांची यादी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची असते आणि आपण एक्सेल फाइलच टाकतो. शीटवर फक्त फ्लॅट नंबर आणि रक्कम दिसते, पण प्रत्येक नंबरखाली नोटमध्ये नाव आणि मोबाइल आहे, भाडेकरूचासुद्धा. 'सभासद' शीट लपवली असली तरी राइट क्लिक करून 'अनहाइड' कोणीही करू शकतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचं नाव न घेताही, कोणाचा नंबर न विचारता दीडशे लोकांना देणं बरं नाही.

पीडीएफ करून पाठवा. छापताना किंवा पीडीएफ करताना एक्सेल नोटा स्वतःहून घेत नाही, त्यासाठी 'पेज सेटअप'मध्ये मुद्दाम सांगावं लागतं. एक्सेल फाइलच द्यायची असेल तर आधी तिची प्रत करा. मग 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' या वाटेने गेलात की नोटा आणि लपवलेल्या शीट शोधून काढून टाकता येतात. प्रतीवरच करा, मूळ फाइलवर नाही. काढलेलं परत येत नाही. गूगल शीटची लिंक दिलीत तर नुसतं बघायची परवानगी असलेल्यालाही नोटा दिसतात, तेव्हा ग्रुपसाठी वेगळी शीट ठेवलेली बरी.

आणि कायद्याची सभासद नोंदवही, 'आय' नमुन्यातली, ती छापील बांधलेली आमच्या ऑफिसच्या कपाटात आहे. फ्लॅट विकला गेला की आधी तिच्यात नोंद, मग 'सभासद' शीटवर, मग बटण. हा क्रम बाबांनी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

सध्या त्यांना पट्टीत आणखी एक कॉलम हवाय: कुठल्या फ्लॅटचं पाणी गच्चीवरच्या कुठल्या व्हॉल्व्हने बंद होतं. फॉर्म्युला दोन मिनिटांचा आहे. यादी मात्र कुठेच लिहिलेली नाही, ती आमच्या प्लंबरच्या डोक्यात आहे. येत्या रविवारी त्याला घेऊन, खडू आणि वही घेऊन, आम्ही गच्चीवर जाणार आहोत.